डेबोरा मेलमन: तिच्या भूमिका कळायला ऑस्ट्रेलियाचा इतिहास का लागतो

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियात चॅनल टेनवर 'द सीक्रेट लाइफ ऑफ अस' नावाची सिरियल सुरू झाली. मेलबर्नचा सेंट किल्डा भाग, समुद्राजवळची एक फ्लॅट्सची बिल्डिंग आणि तिथे राहणारी विशी-तिशीतली मुलंमुली, एवढाच मामला. त्यात एक केली लुईस आहे. केलीला नोकरीचं टेन्शन आहे, प्रेमात पडते आणि काहीतरी फिसकटतं, फ्लॅटमेट्सची रडगाणी ऐकत बसते, आणि घरात सगळ्यांना धरून ठेवणारी तीच असते. केलीचं काम केलंय डेबोरा मेलमनने. डेबोरा अ‍ॅबोरिजिनल आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, आणि केली या पोरीच्या सगळ्या कटकटी मात्र कुठल्याही भाड्याच्या घरात राहणाऱ्या पोरीच्या असतात तशाच आहेत.

आता यात काय मोठं, असं वाटेल. मलाही मेलबर्नला नवीन आले तेव्हा तसंच वाटलं होतं. पण त्या आधी टीव्हीवर अ‍ॅबोरिजिनल माणूस दिसायचा तो बहुतेक वेळा एखादा 'प्रश्न' घेऊन यायचा, दारूचा, पोलिसांचा, गरिबीचा, एपिसोड संपला की तोही संपला. भाडं भरणारी, शेजारची, रोज भेटणारी मुलगी म्हणून तो चेहरा आठवड्यामागून आठवडे लोकांच्या हॉलमध्ये येणं ही साधी गोष्ट नव्हती. २००२ ला या भूमिकेसाठी डेबोराला लोगी अवॉर्ड मिळालं. लोगी म्हणजे तिथल्या टीव्हीचं सगळ्यात जुनं बक्षीस, १९५९ पासूनचं, आणि नाव आलंय टीव्ही बनवणाऱ्या जॉन लोगी बेअर्डवरून.

मला हा लेख लिहावासा वाटला कारण डेबोराची भूमिका बघताना तिच्यामागे काय आहे ते माहीत नसलं तर अर्धी गोष्ट डोक्यावरून जाते. म्हणून तिचं करिअर सांगता सांगता तो इतिहास पण सांगते, जमेल तेवढ्या सोप्या भाषेत.

आधी शब्द. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी म्हणजे एकच जमात नाही. मुख्य जमिनीवरचे आणि टास्मानियाचे ते अ‍ॅबोरिजिनल, आणि उत्तरेला पापुआ न्यू गिनीच्या दिशेने जी टोरेस सामुद्रधुनी आहे तिथल्या बेटांवरचे ते टोरेस स्ट्रेट आयलंडर, यांची संस्कृती वेगळी, शेतीची पद्धत वेगळी. १७८८ ला इंग्रज आले तेव्हा खंडावर २५० च्या वर भाषा होत्या. आज हे सगळे मिळून देशाच्या लोकसंख्येच्या साधारण ३.८ टक्के आहेत, २०२१ च्या अंदाजानुसार. मेलबर्नमधल्या मराठी लोकांनी ऐकलंच असेल, शाळेचं फंक्शन असो की ऑफिसची मिटिंग, सुरुवातीला कोणीतरी उठून म्हणतं की आपण जमलोय ती जमीन अमुक लोकांची आहे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना आमचा नमस्कार. हे 'अमुक लोक' जागेगणिक बदलतात. केलीचा सेंट किल्डा बुनवुरंग लोकांच्या जमिनीवर येतो.

डेबोराचा जन्म १४ जुलै १९७२ चा, क्वीन्सलँड राज्यातल्या माउंट आयझा गावचा. हे गाव समुद्रापासून खूप आत, लाल मातीचं, आणि वाढलं ते तांबं, शिसं, जस्त यांच्या खाणींवर. गाव आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे, रोडिओ, म्हणजे उधळलेल्या घोड्यावर नाहीतर बैलावर बसून टिकून राहायचा खेळ. तिचे वडील वॉली मेलमन या खेळातले नावाजलेले रायडर, बिदजारा या अ‍ॅबोरिजिनल समाजाचे. आई जेन न्यूझीलंडची, माओरी. म्हणजे दोन्ही बाजूंनी ती मूळ रहिवाशांची लेक, फक्त दोन वेगवेगळ्या देशांतल्या. लहानपण गेलं रोडिओच्या मैदानावर, धुळीत आणि जनावरांच्या वासात. तिथून ती ब्रिस्बेनला नाटक शिकायला गेली, क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९९२ ला पास झाली.

हे १९९२ साल लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

सुरुवातीची वर्षं नाटकाची. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये ती कॉर्डेलिया झाली, 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये रोझलिंड, म्हणजे ज्या भूमिका पिढ्यान् पिढ्या गोऱ्या नट्यांच्याच समजल्या गेल्या त्या. पण त्याच्याही आधी १९९५ ला तिने वेस्ली इनॉकबरोबर एक नाटक लिहिलं, 'द सेव्हन स्टेजेस ऑफ ग्रीव्हिंग', आणि स्टेजवर ती एकटीच. मला विचाराल तर तिला समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं दुःख पाच टप्प्यांतून जातं असं एक मानसशास्त्रातलं प्रसिद्ध म्हणणं आहे. या दोघांनी ते पाच टप्पे घेतले आणि त्याला आपल्या लोकांच्या इतिहासाचे सात टप्पे जोडले, पुराणकाळ, मग आक्रमण, मग कत्तली, मग सरकारी 'संरक्षण', मग गोऱ्या समाजात मिसळवून टाकायचा प्रयत्न, मग स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची लढाई, आणि शेवटी समेट. म्हणजे एका बाईच्या घरातलं सुतक आणि अख्ख्या समाजाचं सुतक एकाच वेळी चालू आहे. २२-२३ वर्षांची मुलगी हे लिहिते आणि एकटी करून दाखवते, मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

त्यातला 'संरक्षण' हा शब्द फसवा आहे म्हणून जरा थांबते. विसाव्या शतकात कित्येक दशकं ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी कायदे करून अ‍ॅबोरिजिनल लोकांवर 'प्रोटेक्टर' नेमले होते. कुठे राहायचं, कुठे काम करायचं, कोणाशी लग्न करायचं, मजुरीचे पैसे कोणाच्या हातात जाणार, हे सगळं त्या साहेबाच्या सहीवर. आणि मुलं, विशेषतः ज्यांचा एक पालक गोरा आहे अशी, आईवडिलांपासून काढून संस्थांमध्ये नेऊन ठेवायचे, मुलींना घरकाम शिकवायचे, मुलांना शेतावरचं काम. हे १९७० च्या आसपासपर्यंत चालू होतं. या मुलांना 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात, चोरलेल्या पिढ्या. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत या सगळ्याबद्दल माफी मागितली.

डेबोराचा 'रॅबिट-प्रूफ फेन्स' हा २००२ चा सिनेमा यावरच आहे. १९३१ ला तीन मुली संस्थेतून पळून सशांसाठी घातलेल्या कुंपणाच्या कडेकडेने शेकडो मैल चालत घरी निघतात, खरी घडलेली गोष्ट. डेबोराची भूमिका छोटी, मॅव्हिस नावाची, मुलींना वाटेत एका शेतावर भेटणारी मोलकरीण. ही मॅव्हिस म्हणजे काय आहे ते वरचं माहीत असेल तरच कळतं. अशा संस्थांमधून मुलींना घरकामाला पाठवायचे, म्हणजे या मुलींमधली जी परत पकडली जाईल तिची दहा वर्षांनी मॅव्हिसच होणार, आणि हे डेबोरा भाषण न करता नुसत्या घाबरलेल्या डोळ्यांनी सांगून जाते.

मोठा सन्मान त्याआधीच आला होता. १९९८ च्या 'रेडिएन्स'मध्ये आई गेल्यावर एकत्र आलेल्या तीन बहिणी आहेत, त्यातली धाकटी नोना डेबोराने केली. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय सिनेमा अवॉर्ड, मुख्य भूमिकेतली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून, आणि हे मिळवणारी ती पहिली अ‍ॅबोरिजिनल स्त्री. दिग्दर्शिका रेचल पर्किन्स, तीही अ‍ॅबोरिजिनल. हे नाव पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण या दोघींनी मिळून जे केलंय ते एकेकटीला जमलं नसतं. त्याच सुमारास डेबोरा 'प्ले स्कूल' या लहान मुलांच्या कार्यक्रमातही होती, सरकारी एबीसीवर १९६६ पासून चालू असलेला, आपल्याकडे दूरदर्शन आठवावं तसा तिथे एबीसी.

आता येते २०१२ कडे. हे वर्ष तिच्या करिअरचं सगळ्यात भरगच्च वर्ष आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एकाच वर्षात तीन गोष्टी. 'द सफायर्स' हा सिनेमा, १९६८ ला व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांपुढे गायला गेलेल्या अ‍ॅबोरिजिनल मुलींचा, डेबोरा त्यात सगळ्यात मोठी बहीण गेल, कडक पण आतून हळवी. फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेला, तिला पुन्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री मिळालं. तो गाण्यांचा सिनेमा आहे, न सांगताही आवडेल. पण दुसरी गोष्ट नीट सांगायला हवी, 'माबो'.

एडी माबो हा टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा माणूस. तरुणपणी बेट सोडून क्वीन्सलँडमध्ये आला, मिळेल ते काम केलं, टाऊन्सव्हिलच्या युनिव्हर्सिटीत माळी होता. १९७० च्या दशकात तिथल्या प्राध्यापकांशी गप्पा मारताना तो सहज आपल्या बेटावरच्या जमिनीबद्दल बोलत होता, आणि त्यांनी जड मनाने त्याला सांगितलं की कायद्याने ती जमीन तुझी नाही, सरकारची आहे. त्याला खरंच वाटेना. कारण मेर बेटावर प्रत्येक घराचे मळे आखलेले, बांध ठरलेले, बापाकडून मुलाकडे आलेले, हे सगळं गावाला तोंडपाठ.

मग जमीन सरकारची कशी? तर इंग्रजांनी खंड ताब्यात घेतला तो 'ही कोणाचीच जमीन नाही' असं धरून. लॅटिनमध्ये याला 'टेरा न्युलियस' म्हणतात. माणसं राहत होती हे दिसत होतंच, पण त्यांची मालकी कायद्याच्या हिशेबात धरायचीच नाही. आपल्याकडे गावातल्या कोणालाही विचारा, सातबारा निघायच्या आधीही बांध कोणाचा हे गाव जाणत असतंच. इथे गाव जाणत होतं, पण राज्याने ते जाणणं शून्य धरलं.

१९८२ ला एडी आणि मेरच्या आणखी चौघांनी केस टाकली. मध्येच १९८५ ला क्वीन्सलँड सरकारने कायदाच केला की असे काही हक्क असतील तर ते मागच्या तारखेपासून रद्द. तो कायदा सर्वोच्च पातळीवरच्या हायकोर्टाने (तिथे सगळ्यात वरच्या कोर्टालाच हायकोर्ट म्हणतात) १९८८ ला मोडून काढला, चार विरुद्ध तीन, एका मताचा फरक. मग मूळ केस पुढे सरकली. निकाल आला ३ जून १९९२ ला, सहा विरुद्ध एक, मूळ रहिवाशांची जमिनीवरची मालकी इंग्रज यायच्या आधीपासून होती आणि ती आपोआप संपलेली नाही. एडी माबो हे ऐकायला नव्हता. तो जानेवारीत कॅन्सरने गेला होता. पुढच्या वर्षी संसदेने नेटिव्ह टायटल कायदा केला. मेलबर्नमध्ये मिटिंगच्या सुरुवातीला जे म्हटलं जातं त्यामागे हा निकाल उभा आहे.

वीस वर्षांनी, जून २०१२ मध्ये, एबीसीवर रेचल पर्किन्सची 'माबो' ही टेलिफिल्म आली. जिमी बानी एडी झाला आणि डेबोरा त्याची बायको बॉनिटा. कोर्टाच्या गोष्टी सांगताना बायकोची भूमिका बहुतेक दारात उभी राहून काळजी करण्याची लिहिली जाते, इथे तसं नाहीये. दहा पोरं, त्यातली तीन दत्तक, नवरा दहा वर्षं केसच्या मागे, घरात पैसा नाही, आणि बॉनिटा रागावते, दमते, भांडते, आणि तरी त्याच्याबरोबर राहते कारण तिलाही हे हवंय. डेबोराने ती बाई उभी केलीय ती संसार करणाऱ्या कुठल्याही बाईला ओळखीची वाटेल. आणि खरी बॉनिटाही फक्त 'माबोची बायको' नव्हती हो, तिने नवऱ्याबरोबर टाऊन्सव्हिलला अ‍ॅबोरिजिनल आणि आयलंडर मुलांसाठी शाळा काढली होती. शिवाय तिच्या घराण्यात वानुआटूच्या बेटांवरून क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर आणलेले मजूर होते, काही फसवून काही पळवून आणलेले, आपण गिरमिटिया म्हणतो त्यांच्या जवळ जाणारी कथा, आणि त्या लोकांना वेगळी ओळख मिळावी म्हणून ती आयुष्यभर बोलत राहिली. २०१८ ला ती गेली.

त्याच वर्षीची तिसरी गोष्ट 'रेडफर्न नाऊ'. रेडफर्न म्हणजे सिडनीच्या अगदी मध्याजवळचा भाग, शहरी अ‍ॅबोरिजिनल लोकांचं जणू माहेर. बाहेरच्यांना वाटतं हे लोक वाळवंटात राहतात, पण बरेच जण शहरात राहतात, बस पकडतात, मुलांना शाळेत सोडतात. १९९२ च्या डिसेंबरमध्ये, माबो निकालानंतर सहा महिन्यांनी, पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी इथेच उभं राहून पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की जमिनी आम्ही घेतल्या, मुलं आम्ही काढून घेतली. या भागावरची ही सिरियल ऑस्ट्रेलियातली पहिली, जी मूळ रहिवाशांनीच लिहिली, त्यांनीच दिग्दर्शित केली, निर्मितीही त्यांचीच. फरक कळतोय का? 'सीक्रेट लाइफ'मध्ये चेहरा तिचा होता पण लिहिणारं टेबल दुसऱ्यांचं. इथे टेबल आपलं. डेबोरा त्यात लोरेन नावाची, साधी घरसंसारातली बाई आहे.

मधली काही कामं भरभर सांगते. 'ऑफस्प्रिंग'मधली नर्स चेरी, लोकांची लाडकी. 'क्लेव्हरमन', सुपरहिरो प्रकारातली पण अ‍ॅबोरिजिनल कथांवर उभी. 'मिस्टरी रोड'चा पहिला सीझन. २०१७ ला तिला ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया मिळाला, आपल्या पद्म पुरस्कारांच्या जातीचा सन्मान.

आणि मग २०१९ ला 'टोटल कंट्रोल'. माझी सगळ्यात आवडती. डेबोरा आहे अ‍ॅलेक्स अर्विंग, क्वीन्सलँडच्या आतल्या भागातली बाई. एका गोळीबारात ती बंदुकीसमोर उभी राहते, त्याचा व्हिडिओ देशभर फिरतो, आणि अडचणीत असलेली पंतप्रधान (रेचल ग्रिफिथ्स) तिला सिनेटमध्ये आणते कारण हा चेहरा पक्षाच्या कामाचा आहे. अ‍ॅलेक्सला हळूहळू कळतं की आपल्याला फोटोसाठी बोलावलंय, आणि ती उलटते.

निवडणूक न लढता थेट सिनेटमध्ये कसं जाता येतं, हा प्रश्न मला पहिल्या एपिसोडलाच पडला होता. सिनेट म्हणजे वरचं सभागृह, ७६ सीट्स, सहा राज्यांना प्रत्येकी १२ आणि दोन टेरिटरींना, म्हणजे आपल्याकडच्या केंद्रशासित प्रदेशांसारख्या भागांना, दोन-दोन. एखादा सिनेटर मध्येच गेला किंवा राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होत नाही, त्या राज्याचं विधिमंडळ त्याच पक्षाचा दुसरा माणूस पाठवतं. त्यामुळे पक्षाच्या वरच्या लोकांच्या मनात आलं तर दरवाजा उघडतो. आणि हे खऱ्या इतिहासात आहे, देशाच्या संसदेतला पहिला अ‍ॅबोरिजिनल सदस्य नेव्हिल बॉनर १९७१ ला क्वीन्सलँडमधून असाच रिकाम्या जागेवर गेला होता, नंतर निवडणुका जिंकून टिकला. पहिली अ‍ॅबोरिजिनल स्त्री सिनेटर नोव्हा पेरिस, ऑलिंपिकमध्ये गोल्ड मिळवलेली खेळाडू, २०१३ ला तिला पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी स्वतः निवडून तिकीट दिलं होतं. अ‍ॅलेक्स काल्पनिक आहे पण तिचा रस्ता हवेतून काढलेला नाही.

पहिल्या सीझनमध्ये अ‍ॅलेक्स कोणीतरी आणलेली आहे, दुसऱ्यात ती अपक्ष म्हणून खालच्या सभागृहाची निवडणूक लढते, तिसऱ्यात सरकार कोणाचं हे ठरवणाऱ्या मोजक्या अपक्षांत बसते. तिसरा सीझन आला जानेवारी २०२४ ला. त्याच्या तीन महिने आधी, १४ ऑक्टोबर २०२३ ला देशात सार्वमत झालं होतं, मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपर्यंत नेणारं एक सल्लागार मंडळ राज्यघटनेत घालावं का, आणि साधारण ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांनी. म्हणजे खऱ्या घटनेत जी जागा मिळाली नाही त्यानंतर लगेच टीव्हीवर डेबोरा संसदेत उभी राहून बोलतेय. मी तो सीझन सलग बघू शकले नाही, मध्ये मध्ये थांबत बघितला.

तिच्या अभिनयाबद्दल एवढंच सांगते की ती आवाज चढवत नाही. राग आला की तिचा चेहरा आधी शांत होतो, जबडा घट्ट होतो, आणि वाक्य खालच्या पट्टीत येतं. आणि हसली की मात्र सगळा चेहरा हसतो, केलीच्या वेळी लोकांना जिंकलं ते त्या हसण्यानेच. अलीकडे २०२३ च्या 'द न्यू बॉय'मध्ये केट ब्लँचेटबरोबर ती मिशनमधली नन झालीय, अ‍ॅबोरिजिनल असूनही चर्चच्या कपड्यात, आणि स्वतःच्याच लोकांच्या पोरांना वाढवतेय, ती घालमेल ती जवळपास न बोलता दाखवते. सहाय्यक भूमिकेचं राष्ट्रीय अवॉर्ड मिळालं त्याला.

बघायचं असेल तर 'टोटल कंट्रोल'पासून सुरू करा, वेग आहे, राजकारण आहे, भाषा अवघड नाही. मग 'माबो', मग मागे जाऊन 'रेडिएन्स'. आणि एक गोष्ट, यातल्या काही कार्यक्रमांच्या आधी स्क्रीनवर सूचना येते की यात मृत व्यक्तींची नावं, आवाज किंवा चित्रं असू शकतात. ती स्किप करू नका, वाचा. बऱ्याच अ‍ॅबोरिजिनल आणि आयलंडर समाजांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो बाहेर काढत नाहीत, घरातल्यांच्या दुःखाला जागा द्यायची म्हणून. टीव्हीने ही रीत पाळायला सुरुवात केली कारण आता समोर बघणाऱ्यांमध्ये तेही आहेत हे टीव्हीवाल्यांना मान्य करावं लागलं.